फेरोल ते सांतियागो: खाडीकाठून आत जाणारी यात्रावाट कशी चालावी

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे संत याकोबाची समाधी आहे, अशी ख्रिस्ती परंपरेची श्रद्धा आहे. त्या नगरीकडे जाणाऱ्या सर्व पायवाटांना मिळून 'कामिनो' म्हणतात. फ्रान्सच्या सीमेवरून येणारी सुमारे ८०० किलोमीटरची वाट सर्वांत प्रसिद्ध असली, तरी महिनाभराची रजा काढणे ज्यांना शक्य नाही त्यांनी 'कामिनो इंग्लेस', म्हणजे इंग्रजांची वाट, निवडावी. मध्ययुगात इंग्लंड, आयर्लंड आणि उत्तरेकडील देशांतले यात्रेकरू जहाजाने गालिसिया या स्पेनच्या वायव्य प्रांताच्या किनाऱ्याला लागत आणि तेथून पायी आत जात. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्धाच्या काळात फ्रान्समधून जमिनीवरचा प्रवास धोक्याचा झाला, तेव्हा या समुद्रमार्गाचे महत्त्व आणखी वाढले. १४५६ साली प्लिमथहून आ कोरुन्याला आलेल्या विल्यम वे या इंग्रज धर्मगुरूने बंदरात ८४ जहाजे पाहिली आणि त्यांपैकी ३२ इंग्रजांची होती, असे लिहून ठेवले आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपशी संबंध तोडल्यावर ही वर्दळ ओसरली.

वाटेला दोन तोंडे आहेत. आ कोरुन्याहून सांतियागो सुमारे ७५ किलोमीटरवर आहे आणि फेरोलहून सुमारे ११३. यात्रा पुरी केल्याचे लॅटिनमधले प्रमाणपत्र, ज्याला 'कोंपोस्तेला' म्हणतात, ते पायी येणाऱ्याला किमान १०० किलोमीटर चालल्यावर मिळते. आ कोरुन्याहून निघणाऱ्याने २५ किलोमीटर आपल्याच देशातल्या मान्य यात्रावाटेवर आधी चालून त्याची नोंद दाखवली तर ते ग्राह्य धरण्याची सोय आहे, पण ती मुख्यतः आयर्लंडसारख्या देशांतल्या यात्रेकरूंच्या कामाची आहे. भारतातून जाणाऱ्याने सरळ फेरोल गाठावे. प्रमाणपत्राची हौस नसली तरी माझा कौल फेरोललाच आहे, कारण या वाटेची खरी शोभा, म्हणजे खाडीकाठ आणि जुनी गावे, फेरोलच्या बाजूलाच जास्त आहे.

अंतर पाहून ही वाट सोपी समजण्याची चूक बहुतेक जण करतात. मीही केली होती. चार दिवसांत ती पुरी करणारे लोक आहेत, पण पाठीवर पिशवी घेऊन सलग चालण्याची सवय नसलेल्याने सहा दिवस धरावेत. वाटेचा बराच भाग डांबरी रस्त्यावरून जातो आणि तळपायाला सर्वाधिक त्रास चढापेक्षा त्या डांबराचाच होतो. त्यामुळे घोट्यापर्यंतचे जड बूट घेण्यापेक्षा जाड तळाचे हलके बूट घ्यावेत आणि ते निघण्यापूर्वी निदान महिनाभर वापरून रुळवावेत. गालिसियात पाऊस कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने त्यातल्या त्यात बरे असले तरी पावसाळी अंगरखा आणि पिशवीचे आवरण वरच्या कप्प्यात ठेवावे. एकूण ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावे. २०२७ साली २५ जुलै हा संत याकोबाचा सण रविवारी येत असल्याने ते वर्ष 'पवित्र वर्ष' असेल. त्या वर्षी जायचे असल्यास मुक्काम बरेच आधी ठरवावेत.

निघण्यापूर्वी 'क्रेदेन्सियाल' ही यात्रेकरूची घडीची पुस्तिका घ्यावी लागते. मुक्कामाच्या ठिकाणी, चर्चमध्ये, कॉफीच्या दुकानातसुद्धा तिच्यावर शिक्का मारून मिळतो. दररोज किमान दोन शिक्के, तारखेसह, घ्यावेत. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, कारण भिजलेल्या कागदावरचे निळे शिक्के एकमेकांत मिसळून जातात आणि ती नोंद पुन्हा मिळवता येत नाही.

झोपण्यासाठी 'अल्बेर्गे' म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा असते. गालिसिया सरकारच्या अल्बेर्गेत आगाऊ नोंदणी होत नाही. दार दुपारी एकला उघडते, आधी येईल त्याला खाट मिळते आणि साधारणपणे एकच रात्र राहता येते. पांघरूण मिळेल असे गृहीत न धरता हलकी स्लीपिंग बॅग जवळ बाळगावी. खासगी अल्बेर्गेत जागा आधी राखता येते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने निदान चौथ्या रात्रीची तरी राखून ठेवावी. त्याचे कारण पुढे येईल.

आ कोरुन्याहून फेरोलला बस आणि रेल्वे दोन्ही जातात. रेल्वे संथ आहे, पण ती बेतान्सोस, मिन्यो आणि पोंतेदेउमे या पुढे आपण चालणार असलेल्या गावांवरूनच जात असल्याने वाटेची आगाऊ ओळख होते. चालण्याची सुरुवात फेरोलच्या कुरुशेइरास धक्क्यावर होते. तेथून पहिला दिवस खाडीला वळसा घालण्यातच जातो. गालिसियात खाडीला 'रिया' म्हणतात आणि कोकणातल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते: ओहोटीला उघडा पडलेला काळपट चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या आणि तोच खारट, कुजका वास. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसत असतो आणि तेथे पोहोचायला अर्धा दिवस लागतो. पहिला मुक्काम सुमारे १३ किलोमीटरवर नेदा येथे करावा. दुसऱ्या दिवशी सुमारे १६ किलोमीटर चालून, काबानासचा पाइनच्या झाडांमागचा समुद्रकिनारा ओलांडून, एउमे नदीवरच्या लांब दगडी पुलाने पोंतेदेउमे गावात शिरता येते. काही जण हे दोन्ही टप्पे एका दिवसात चालतात. पहिल्याच दिवशी २९ किलोमीटर चालून टाचेला आलेला फोड सांतियागोपर्यंत सोबत करतो, हे अनुभवाने सांगतो.

खुणांविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पिवळा बाण हाच खरा वाटाड्या आहे. दगडी खांबावरच्या शिंपल्याचे, म्हणजे या यात्रेच्या चिन्हाचे, तोंड कोणीकडे आहे, यावरून दिशा ठरवू नये, त्याखालचा बाण पाहावा. खांबावर उरलेले अंतर तीन दशांश स्थळांपर्यंत कोरलेले असते आणि स्पेनमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. त्यामुळे '८४,५१२' अशी पाटी पाहून आपला माणूस क्षणभर चौऱ्याऐंशी हजारांच्या विचारात पडतो.

पोंतेदेउमेतून बाहेर पडताना गावाच्या गल्ल्यांतूनच खडा चढ सुरू होतो. तो सकाळी थंड अंगाने चढायचा असल्याने पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चालावे. मिन्योवरून सुमारे २० किलोमीटरवर बेतान्सोस लागते आणि या वाटेवरचे सर्वांत सुंदर गाव तेच, असे माझे मत आहे. तेथे दुपारी लवकर पोहोचून सान फ्रान्सिस्कोचे चर्च पाहावे. आत १४व्या शतकातील सरदार फेर्नान पेरेस दे आंद्रादे याची दगडी शवपेटी आहे. ती एका बाजूने अस्वलाच्या आणि दुसऱ्या बाजूने रानडुकराच्या पाठीवर तोललेली आहे. अस्वल आणि रानडुक्कर ही त्या घराण्याची चिन्हे होत, आणि पेटीच्या कडांवर शिकारीची दृश्ये कोरलेली आहेत. बेतान्सोसचे बटाट्याचे ऑम्लेट, तोर्तिया, आतून मुद्दाम ओलसर ठेवतात. ते तसे नको असेल तर मागवतानाच सांगावे.

जेवणाची पंचाईत मुख्यतः शाकाहारी माणसाची होते. नुसते 'मांस नको' म्हटल्यावर ताटात ट्यूना मासा किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात, म्हणून 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' असे तिन्ही शब्द उच्चारावेत. गालिसियाचे पालेभाजीचे सार, काल्दो, दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यात डुकराची चरबी असते. दुपारचे जेवण साधारण दीड ते साडेतीन या वेळेत मिळते, रात्रीचे साडेआठनंतर, आणि रविवारी किराणा दुकाने बहुधा बंद असतात.

चौथा दिवस या यात्रेचा कणा आहे. बेतान्सोस समुद्रसपाटीजवळ आहे आणि ऑस्पिताल दे ब्रुमा चारशे मीटरहून उंच पठारावर, त्यामुळे सुमारे २४ किलोमीटरचा हा टप्पा एकंदरीत चढत जातो. खाडी मागे राहते, गावे विरळ होतात आणि निलगिरीच्या रानांतून तासन्‌तास कोणी भेटत नाही. बेतान्सोस सोडतानाच दोन लिटर पाणी आणि दिवसभराचे खाणे घ्यावे. गुडघे कुरकुरत असतील तर साधारण निम्म्यावर प्रेसेदो येथे मुक्काम करून टप्पा दोन दिवसांत वाटावा. ब्रुमा हे चार घरांचे गाव आहे. येथे १२व्या शतकात यात्रेकरूंसाठी आश्रयस्थान होते, गावाच्या नावातला 'ऑस्पिताल' हा शब्द त्यावरूनच आला, आणि आ कोरुन्याची वाट येथेच येऊन मिळते. दोन वाटांची माणसे आणि खाटा मोजक्या, म्हणून या रात्रीची जागा आधी राखावी असे वर सांगितले. ब्रुमात जागा नसेल तर हमरस्त्यावरच्या मेसोन दो वेंतोला जावे.

ब्रुमा ते सिगेइरो हे २४ किलोमीटर उताराचे व सरळ आहेत. ते लांबट वाटतात, पण त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. सिगेइरोला तांब्रे नदी ओलांडली की शेवटचे १६ किलोमीटर उरतात. त्यांत आधी ओक आणि नेच्यांची दाट सावली लागते आणि नंतर तांब्रेची औद्योगिक वसाहत. गोदामे आणि ट्रक यांच्यामधून यात्रेचा शेवट व्हावा, याची काहींना खंत वाटते. तेवढा तुकडा मान खाली घालून चालावा. पुढे पोर्ता दा पेना या जुन्या वेशीतून शहरात शिरून सान मार्तिन्यो पिनारियो मठाच्या कडेने आपण कॅथेड्रलच्या उत्तरेच्या दाराशी उतरतो. कॅथेड्रलसमोरचा ओब्रादोइरो चौक तेथून कमानीखालून पलीकडे आहे.

यात्रेकरूंचे कार्यालय रुआ दास कार्रेतास या रस्त्यावर आहे. मोबाइलवर आधी नाव नोंदवून मगच रांगेत उभे राहावे. 'कोंपोस्तेला' विनामूल्य मिळते. अंतराचे वेगळे प्रमाणपत्र हवे असल्यास थोडे पैसे पडतात. कॅथेड्रलमध्ये पाठपिशवी नेऊ देत नाहीत, म्हणून ती आधी मुक्कामी टाकावी. दुपारी बाराच्या प्रार्थनेला बसायला जागा हवी असेल तर तासभर आधी जावे. छतापासून झुलणाऱ्या प्रचंड धूपदाणीचा सोहळा दररोज होत नाही. तो ठरावीक सणांना होतो, किंवा कोणी त्याचा खर्च उचलला तर.