नागपूरच्या हवेत हलकं विमान उडवताय? या चुका टाळा

नागपुरात हौसेखातर उडायला शिकणारे बरेच जण हिवाळ्यात सुरुवात करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळची हवा गार आणि स्थिर असते, इंजिन खूश असतं, विमान वेळेत उचललं जातं. हात त्या विमानाला सरावतात. मग मार्च उजाडतो, एप्रिल तापतो, नवतपा लागतो. विमान तेच आणि धावपट्टी तीच, पण हवा दुसरी झालेली असते. हात मात्र अजून डिसेंबरचेच असतात. इथल्या हौशी पायलटांच्या बहुतेक चुकांचं मूळ मला याच गोष्टीत दिसतं. एका ऋतूत लागलेली सवय ते पुढच्या ऋतूत तशीच घेऊन जातात.

खाली उदाहरणासाठी सेसना १५२ घेतलं आहे, कारण शिकणाऱ्यांच्या ओळखीचं विमान तेच. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे त्याच्या पीओएचमधून, म्हणजे विमानासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेतून घ्या. इन्स्ट्रक्टर सर जे सांगतील ते या लेखाच्या वर.

तक्ता ४० अंशांवर संपतो

सेसना १५२ च्या पीओएचमधला टेकऑफचा तक्ता उघडून बघा. तापमानाचे रकाने ० ते ४० अंशांपर्यंत आहेत, त्यापुढे काही नाही. नागपूरचा मे महिना नेमका तिथून सुरू होतो. ४५ अंश इथे दर उन्हाळ्यात अपेक्षित धरावे लागतात आणि ४७ च्या पुढे पारा गेल्याच्याही नोंदी आहेत. दुपारी तीन वाजता उडायचं ठरवलंत, तर विमान बनवणाऱ्यानं आकडेच न दिलेल्या हवेत तुम्ही उडणार असता. तरीही ४० च्या रकान्यातला आकडा घेऊन ‘थोडं जास्त धरू’ म्हणणारे लोक आहेत. ते थोडं किती, हे कुणी मोजलेलं नसतं. ज्या वेळेला तक्त्यात जागा नाही, त्या वेळी उडायचं नाही, हा नियम मी पक्का धरतो.

आता हिशेब. सोनेगावच्या विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० फूट आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश. पारा ४५ वर असेल तर फरक ३२ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,८०० हून अधिक फूट वाढतात. म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळपणाच्या हिशेबानं हवा जेवढ्या उंचीवरची ठरते ती उंची) ४,९०० फुटांच्या आसपास जाते. उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, त्यामुळे ती ५,००० च्या वर गेली तरी नवल नाही. पाय नागपुरात असले तरी इंजिन, पंखा आणि पंख महाबळेश्वराहूनही उंचावरच्या हवेत काम करत असतात.

तक्त्यातच बघा. समुद्रसपाटीला २० अंशांवर ५० फुटांचा अडथळा ओलांडायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या सुमारे सव्वा पट अंतर १,००० फूट उंचीवर ४० अंशांना लागतं. हे आकडे कोरड्या, पक्क्या धावपट्टीचे, वारा नसतानाचे आणि चांगल्या अवस्थेतल्या इंजिनाचे आहेत. पाठीमागून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के अंतर वाढवायला तोच तक्ता सांगतो.

इथे नजर फसवते. डेन्सिटी अल्टिट्यूड ५,००० फूट असताना एअरस्पीड इंडिकेटर (हवेतला वेग दाखवणारा काटा) ६० नॉट दाखवत असला तरी विमान हवेतून सुमारे ६५ नॉटनं जात असतं. वारा शांत असेल तर जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे सरकताना दिसते. टेकऑफला ‘वेग आला’ असं वाटून काटा ५० नॉटला पोहोचायच्या आधीच नाक उचललं जातं. विमान जमिनीच्या आधारानं चार फूट तरंगतं आणि वर मात्र जात नाही. उतरताना उलट घडतं. जमीन जोरात येताना दिसली की माणूस वेग कमी करत नेतो आणि काटा नको तिथे खाली येतो. दोन्ही वेळी उपाय एकच, काट्यावर विश्वास ठेवा. मात्र जमिनीवरची धाव लांबणार हे आधीच गृहीत धरा, कारण वेगातल्या आठ टक्क्यांच्या फरकानं थांबायला सुमारे १६ टक्के जास्त अंतर लागतं.

वजनाची चूकही याच ऋतूत महागात पडते. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान साधारण ५०० ते ५१५ किलो, भरलेल्या टाक्यांचं पेट्रोल ७० किलोच्या आसपास. दोन धडधाकट माणसं बसली की हातात उरतं जवळजवळ काहीच नाही. तासाभराच्या सर्किटसाठी, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांसाठी, टाक्या काठोकाठ भरण्याची गरज नसते. हे इंजिन तासाला साधारण २३ लिटर पितं. लागेल तेवढं, त्यावर राखीव, आणि वर आणखी थोडं मनाच्या समाधानासाठी घ्या. पण तो हिशेब कागदावर करा.

रनअपला इंजिन खडखडतं तेव्हा

भर उन्हात मोठ्या विमानांना वाट देत टॅक्सीवेवर थांबावं लागतं. मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, इंजिन आयडलवर, हवा विरळ. पेट्रोल जास्त आणि हवा कमी, त्यामुळे स्पार्क प्लगवर काजळी धरते. मग रनअपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन वेगानं चालवून बघताना, १,७०० आरपीएमवर मॅग चेक केला (ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो एकेक करून तपासले) की एका बाजूला आरपीएम धाडकन पडतो. मर्यादा लक्षात ठेवा. एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त घट चालत नाही आणि दोन्हींमधला फरक ५० च्या वर चालत नाही.

घट जास्त असून इंजिन खडबडीत चालत असेल, तर पीओएच आणि क्लबच्या पद्धतीप्रमाणे आरपीएम थोडा वाढवून मिक्श्चर हळूहळू लीन करा (पेट्रोलचं प्रमाण कमी करा), थोडा वेळ तसंच चालवा आणि पुन्हा तपासा. काजळी असेल तर बहुतेकदा जळून जाते. दुसऱ्यांदाही तेच दिसलं, तर विमान परत हँगरकडे. तिसऱ्या, चौथ्या प्रयत्नात आकडा कसाबसा मर्यादेत आला म्हणून निघणं ही सगळ्यात वाईट तडजोड. इंजिनानं तक्रार केलेली असते आणि आपण ती ऐकूनही सोडून देतो.

काजळी धरूच नये म्हणून जमिनीवर टॅक्सी करताना मिक्श्चर लीन ठेवा. इतकं लीन, की चुकून तसंच थ्रॉटल पूर्ण उघडलं तर इंजिन लगेच अडखळावं. अर्धवट लीन करून विसरणं धोक्याचं, कारण इंजिन चालत राहतं आणि टेकऑफच्या ताकदीवर तापतं. टेकऑफचं मिक्श्चर कसं ठेवायचं हे उन्हाळा सुरू होताना एकदा इन्स्ट्रक्टरांसोबत बसून ठरवून घ्या. पीओएच ३,००० फुटांहून उंच विमानतळांबद्दल लीन करायला सांगतं, आणि डेन्सिटी अल्टिट्यूडच्या हिशेबानं मे महिन्यातलं नागपूर त्या वर्गात जाऊन बसतं.

लांब धावपट्टीचे लाड

सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे. सेसनाला तिचा लहानसा तुकडाही पुरतो. त्यामुळे दोन सवयी लागतात आणि दोन्ही वाईट.

पहिली, उतरताना जिथे टेकेल तिथे टेकेल अशी वृत्ती. वेग दहा नॉट जास्त, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) लांबलेला, तरी पुढे दोन किलोमीटर शिल्लक. चूक झाल्याचं जाणवतच नाही. मग हाच पायलट चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या आखूड पट्टीवर जातो तेव्हा अंगाला घाम फुटतो. म्हणून नागपुरात सराव करतानाच धावपट्टीवरची एक खूण मनाशी धरा आणि त्या खुणेच्या पुढे लांबलं तर गो-अराउंड करा, म्हणजे न टेकता पुन्हा वर जा.

दुसरी सवय म्हणजे वेळ वाचवायला मधूनच, इंटरसेक्शनवरून (टॅक्सीवे जिथे धावपट्टीला मिळतो तिथून) टेकऑफ मागणं. अंतर पुरतं, हे खरं. पण नुकतंच एअरबस किंवा बोइंग निघून गेलं असेल तर तिच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे राहतात. ते तिच्या मार्गाखाली उतरत जातात आणि हलका आडवा वारा असला तर त्यातला एक भोवरा धावपट्टीवरच रेंगाळू शकतो. मध्यम वजनाच्या विमानामागून हलक्या विमानाला निघायला किमान २ मिनिटांचं अंतर ठेवतात आणि इंटरसेक्शनवरून निघायचं असेल तर ३ मिनिटांचं. तसं का, ते समजून घ्या. मोठ्या विमानानं नाक जिथे उचललं त्याच्या आधी तुमची चाकं जमिनीवरून सुटली पाहिजेत. इंटरसेक्शनवरून ते जमत नाही. टॉवरनं लवकर निघायला सुचवलं तरी थांबायचा हक्क तुमचा आहे, तो नि:संकोच वापरा.

पावसाळा

पहिला पाऊस पडून हवा गार झाली की सगळ्यांना हायसं वाटतं. ‘आता डेन्सिटीची काळजी नाही,’ असं म्हणत माणसं निर्धास्त होतात आणि कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) विसरतात. २५ अंश तापमानात कार्बोरेटरमध्ये बर्फ कसा होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना कार्बोरेटरचं तापमान २० अंशांहून अधिक उतरू शकतं. जुलै-ऑगस्टची दमट हवा आणि उतरताना ओढलेलं थ्रॉटल, दोन्ही बर्फाला सोयीचं.

लक्षण साधं आहे. थ्रॉटल न हलवता आरपीएम हळूहळू घसरतो. कार्ब हीट पूर्ण ओढा, अर्धवट नको. आणि इथेच घोटाळा होतो. ओढल्याबरोबर आरपीएम आणखी पडतो, बर्फ वितळून पाणी इंजिनात गेलं की इंजिन खोकतं, थरथरतं. घाबरून लोक हीट परत बंद करतात. ते खोकणं म्हणजे उपाय लागू पडतोय याची खूण. हीट तशीच ठेवा, थोड्या वेळात आरपीएम वर येतो.

पाऊसपाण्यात विमान उघड्यावर राहिलं असेल तर टाकीच्या झाकणाच्या रबरातून पाणी शिरतं. पेट्रोलचा नमुना काढताना नुसती ‘थर दिसतोय का’ अशी तपासणी पुरत नाही. कप पूर्ण पाण्यानंच भरला असेल तर थर दिसणार कुठून? एव्हीगॅस १०० एलएल निळसर असतं. कप पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरा, रंग बघा, वास घ्या. पाणी निघालं तर पंख हलकेच हलवून पुन्हा नमुना घ्या, आणि नमुने सलग स्वच्छ येईपर्यंत थांबा.

कुंभारीण माशीकडेही लक्ष हवं. पिटो ट्यूबच्या (वेग मोजणाऱ्या नळीच्या) आणि टाकीच्या व्हेंटच्या (हवा आत जाण्याच्या वाटेच्या) भोकात ती मातीचं घर करते. विमान चार दिवस उभं असेल तर पिटोचं कव्हर घातलेलंच असलं पाहिजे. टेकऑफच्या धावेत एअरस्पीडचा काटा हललाच नाही तर थ्रॉटल मागे घ्या आणि थांबा. त्यासाठी मात्र ती ३,२०० मीटरची धावपट्टी खरोखर उपयोगी आहे. काटा चालतो पण वर चढताना वेग विनाकारण वाढत जातो, असं दिसलं तर पिटो पूर्ण बंद झाल्याची शंका घ्या. नाक वर ओढून वेग ‘कमी’ करायला जाऊ नका, तसं केलं तर स्टॉल होतो, म्हणजे पंख विमानाला पेलेनासे होतात.

वारा पश्चिमेचा झाला की धावपट्टी ३२ वर (म्हणजे ३२० अंशांकडे, वायव्येकडे तोंड करून) उतरताना तो डावीकडून तिरका येतो. १५ नॉटचा पश्चिम वारा म्हणजे आडवा भाग साडेअकरा नॉटचा. सेसना १५२ साठी पीओएचमध्ये दाखवलेला आडवा वारा १२ नॉट. सोसाट्याचे झोत असतील तर तो आकडा कधीच ओलांडलेला असतो.

थंडीबद्दल फार लिहीत नाही. सकाळी धुकं विरळ होताना वरून खाली बघितलं तर धावपट्टी स्वच्छ दिसते, आणि उतरायला तिरक्या नजरेनं आलं की तीच नाहीशी होते. वरून दिसली म्हणून उतरता येईल असं धरू नका.

इंजिन बंद पडलं तर कोणतं वावर?

विदर्भात हा प्रश्न ऋतूनुसार बदलतो आणि याची चर्चा मला हँगरमध्ये फार कमी ऐकू येते. एप्रिल-मे मध्ये काळ्या जमिनीची वावरं रिकामी आणि टणक असतात. भेगा असतात, तरी पर्याय वाईट नाही. तेच वावर जुलैत वरून सपाट दिसतं, पण पुढचं चाक चिखलात रुतून विमान उलटू शकतं. अशा वेळी डांबरी रस्त्याजवळची मुरमाड जमीन बरी. रुतण्याची शक्यता दिसत असेल तर शक्य तितक्या कमी वेगानं, नाक जास्तीत जास्त वेळ वर धरून टेका.

काटोल-कळमेश्वरकडची संत्र्याची बाग उंचीवरून हिरवळीसारखी दिसते, ती झाडं आहेत. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या (शेताचे तुकडे) लहान आणि प्रत्येकीला धुरा (बांध). उतरायचंच झालं तर धुऱ्याला समांतर, लांबीच्या बाजूनं. कोराडी आणि खापरखेड्याच्या बाजूला उच्च दाबाच्या तारा गुंतलेल्या आहेत. तार दिसत नाही, मनोरा दिसतो, म्हणून मनोऱ्यांची रांग शोधा. चंद्रपूरकडे जाताना सरळ रेषेचा मोह सोडून वरोऱ्याच्या रस्त्याला धरून चला. काही मिनिटं जास्त लागतात, पण खाली जंगलाऐवजी वावरं राहतात.

दर ऋतू पालटताना एकदा इन्स्ट्रक्टरांसोबत या भागावरून चक्कर मारा, आणि वरून दिसणारी दोन-तीन वावरं नंतर गाडीनं जाऊन पायी बघा. जाताना पाणी सोबत ठेवा. कॉकपिटमध्येही ठेवा. लघवीला लागेल म्हणून उन्हाळ्यात पाणी न पिता उडणारे पुष्कळ आहेत, आणि डोकं जड झाल्यावर काट्यांवरची नजर सगळ्यात आधी मंदावते.