कॉम्प्रेसर बांधून ठेवा, पाइप सोडू नका

आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून मी लातूरच्या एका गॅरेजवर लागलो, तेव्हा एसीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ते एसीवाल्याचं काम, आपलं नाही. पण जुन्या गाडीचं इंजिन खोलायला घेतलं की एसी आडवा येतोच.

माझ्यापुढं आलेली पहिली जुनी गाडी कॉन्टेसा क्लासिक. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील, गेलेलं. एसीचा गॅस दाबणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, मध्ये येतोय म्हणून मी सरळ त्याच्या पाइपाचा नट ढिला केला. फस्सकन फवारा उडाला आणि दोन बोटं बधिर झाली. उस्ताद हातातला पाना टाकून धावत आले, "काय करायलास लेका! सगळा गॅस सोडलास की!"

त्या गाडीच्या एसीत आर-१२ हा जुना गॅस होता. तो साधारण उणे तीस अंशालाच उकळतो, म्हणून कातडी गोठवतो. डोळ्यात गेला तर काय होईल ते सांगायला नको. वर तो ओझोनचा वैरी. भारतात १ जानेवारी २०१० पासून नव्या कामाला तो बंद झाला. म्हणजे मी उडवलेला गॅस बाजारात जाऊन परत आणता येणारा नव्हता. मग आर-१३४ए या दुसऱ्या गॅसवर गाडी न्यायची ठरली. त्यात कॉम्प्रेसरचं जुनं खनिज तेल मिसळत नाही, म्हणून ते काढून एस्टर तेल, नवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी बाटली), सांध्यांचे सगळे रबरी ओ-रिंग, आतली हवा काढायला अर्धा तास व्हॅक्यूम, आणि गॅस जुन्यापेक्षा थोडा कमी. मालकांनी बिल पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. बॅटरीचं टर्मिनल काढायचं, कॉम्प्रेसरच्या क्लचची वायर सोडायची, बेल्ट उतरवायचा, ब्रॅकेटचे बोल्ट काढायचे आणि कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला घेऊन बॉडीला तारेनं बांधायचा. पाइपावर लटकत ठेवायचा नाही. जुना रबरी पाइप आधीच कडक झालेला असतो, वजन पडलं की तडकतो. बोल्ट लांबीप्रमाणे वेगळे ठेवा. कार्ब्युरेटरवर एसीसाठीचं आयडल वाढवणारं यंत्र असेल, तर त्याच्या बारीक नळ्यांवर टेप लावून खूण करा. अदलाबदल झाली तर एसी लावताच इंजिन बंद पडतं आणि दोष तुमच्या हेडच्या कामावर येतो.

रेडिएटर काढताना पुढचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळी, जागेवरच राहू द्या, त्याच्यावर पुठ्ठा धरा. पाइप खोलणं अगदीच टळत नसेल, तर गॅस आधी मशीनवर काढून घ्या, दोन पाने लावा आणि तोंडं लगेच बंद करा. उघड्या तोंडातून ओल शिरते आणि ड्रायर वाया जातो. गळती असेल तिथं गॅस वेल्डिंग तर मुळीच करू नका, आर-१२ आगीत सापडला की विषारी वायू होतो.

आता "एसी लावला की गाडी तापते" ही तक्रार. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात कंडेन्सरची उष्णता रेडिएटरवरच येते. तरी एसीला दोष देण्याआधी रेडिएटर बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लोकांनी गाडीत मिळेल ते टँकरचं, बोअरचं पाणी ओतलं. त्याचे क्षार आम्ही कितीतरी दिवस खरवडत होतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच घाला, आणि कंडेन्सरच्या जाळीतली धूळ, किडे हलक्या पाण्यानं धुवा. प्रेशर मारलं तर पत्रे वाकतात.

जोडून झालं की एसी बंद ठेवून इंजिन तापवा, पाणी आणि तेल तपासा. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबून बोटाच्या जाडीएवढा दबतो का बघा, मग एसी लावा. चिर्रर्र आवाज आला तर बेल्ट ढिला असतो, नाहीतर ब्रॅकेटचा एखादा बोल्ट राहिलेला असतो.