जुने स्पीकर घरी दुरुस्त करताय? आधी या चुका टाळा

जुन्या स्पीकरचा आवाज फाटला की निदान ठरलेलं असतं, "वूफर गेला", म्हणजे खर्जाचा आवाज काढणारा मोठा गोल भाग. मग माणूस मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात असेल तर तपकीर गल्लीत फिरतो, तिथून आठ इंची काहीतरी उचलून आणतो, ते भोकात बरोबर बसतं पण वाजतं मात्र भलतंच. ७०-८० च्या दशकातल्या चांगल्या स्पीकरमध्ये मॅग्नेट, चासी (धातूची चौकट) आणि बऱ्याचदा कॉइलसुद्धा (मॅग्नेटमध्ये हलणारं तारेचं वेटोळं) ठणठणीत असते, गेलेलं असतं ते किरकोळच काहीतरी, फोमची रिंग, एखादा कपॅसिटर, नाहीतर मागच्या टर्मिनलवर चढलेला गंज.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एक करा. अ‍ॅम्प बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पच्या मागे अदलाबदल करा आणि परत लावून ऐका. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर तुमचा स्पीकर निर्दोष आहे, भानगड अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. हे न करता खोके उघडून बसलेले लोक मी भरपूर बघितलेत.

दुसरी चूक मीटरची. आठ ओहमचा वूफर मल्टिमीटरला साडेसहा-सात ओहम दाखवतो आणि आपण घाबरतो की कॉइल अर्धवट जळलीये. काही नाही झालेलं, मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो आणि तो छापलेल्या आकड्यापेक्षा कमीच येतो, चार ओहमवाल्याला तीन-साडेतीन दिसेल. मीटरने काहीच दाखवलं नाही तर मात्र कॉइल किंवा तिची वायर तुटलीये.

आता फोम, कारण निम्मी रडगाणी इथलीच. कोनच्या, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणाऱ्या पेपरच्या, कडेची ती काळी मऊ रिंग पॉलियुरेथेन फोमची असते आणि हवेतल्या ओलाव्याने ती आतून सडते, स्पीकर वाजवा किंवा कपाटात ठेवा, साधारण १५-२० वर्षांत तिचा कारभार आटोपतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याआधीसुद्धा. बोट लावलं की चिकट चुरा हाताला येतो. यावर लोक काय करतात, सेलोटेप लावतात, सिलिकॉन भरतात, फेव्हिकॉलमध्ये कापडाच्या पट्ट्या बुडवून चिकटवतात. त्याने कड जड आणि ताठ होते, कोन एका बाजूला ओढला जातो आणि आत कॉइल घासायला लागते, म्हणजे फोम गेला होता तो गेला, आता कॉइलही जाणार.

नवीन फोम रिंग ऑनलाइन मिळते. फक्त "आठ इंची द्या" एवढं सांगून मागवू नका, दोन आठ इंची वूफरच्या रिंगा एकमेकींना बसतीलच असं नाही. कोनचा बाहेरचा व्यास, गोल उंचवट्याची रुंदी आणि चासीवर जिथे कड चिकटते तिथला आतला-बाहेरचा व्यास, एवढं मिलिमीटरमध्ये मोजा. जुना फोम कोनच्या वरून चिकटवला होता की खालून तेही बघून ठेवा. जुना गोंद काढायला थिनर ओतू नका, तो स्पायडरचा (कोनला मागून धरणारी नागमोडी चकती) आणि डस्ट कॅपचा (कोनच्या मधोमध असलेली टोपी) गोंदही सोडवतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हळूहळू पुसा. आणि हे करताना वूफर तिरका धरा म्हणजे चुरा कॉइलच्या फटीत पडणार नाही. त्या फटीत पडलेला कण बाहेर काढणं म्हणजे दातात अडकलेलं पेरूचं बी, दिसत नाही पण चैनही पडू देत नाही.

चिकटवायला फेव्हिक्विक अजिबात नको, जागा हलवायला वेळच मिळत नाही आणि वाळल्यावर कड कडक होते. चपलांना लावतात तो रबरी गोंदही नको, तो टेकला की धरतो. स्पीकरच्या फोमसाठी पांढरा, पाण्यावर आधारलेला गोंद मिळतो, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चार-पाच मिनिटं रिंग सरकवता येते. आधी रिंग फक्त कोनला चिकटवा आणि रात्रभर सोडा. दोन्हीकडे एकदम चिकटवायची घाई इथेच नडते. दुसऱ्या दिवशी चासीकडची बाजू लावा आणि गोंद ओला असतानाच मोबाइलवर टोन जनरेटर अ‍ॅप घेऊन अ‍ॅम्पमधून ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात सोडा. कोन निवांत आत-बाहेर व्हायला हवा. खर्र असा बारीक आवाज आला तर कॉइल घासतेय, रिंग केसभर सरकवा, आवाज बंद झाला की तिथेच धरून ठेवा. टोनवर जमत नसेल तर जुनी पद्धत आहेच, डस्ट कॅप ब्लेडने अलगद कापून कॉइल आणि मॅग्नेटच्या मधल्या खांबाच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या सारख्या पट्ट्या चारी बाजूंनी सरकवायच्या, गोंद वाळला की काढायच्या आणि नवीन कॅप लावायची.

हे चालू असताना लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर मॅग्नेटपासून लांब ठेवा. तो हातातून सुटतो आणि थेट कोनमधून आरपार जातो, आणि मग सगळी मेहनत पेपर चिकटवण्यात जाते.

क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे सूर ट्वीटरला (छोट्या स्पीकरला) वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, सगळ्यात जास्त घोटाळा कपॅसिटरचा. तिथे नॉन-पोलर कपॅसिटर लागतो, दुकानदाराने दिला म्हणून रेडिओतला साधा प्लस-मायनसवाला टाकू नका. व्हॅल्यू बाजारात जुळत नसेल तर दोन पॅरलल लावा, उदाहरणार्थ ४ मायक्रोफॅरडला ३.३ आणि ०.६८ चालतात. दोन्ही स्पीकरचे एकदमच बदला, नाहीतर डावा-उजवा वेगवेगळा वाजेल. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या जागी पॉलिप्रोपिलीनचा (प्लास्टिक फिल्मचा) घातला तर ट्वीटर थोडा टोचरा वाटू शकतो, मला तो आवडत नाही, तुमचे कान तुमचे. क्रॉसओव्हरवरच्या तांब्याच्या कॉइल मात्र सोडून द्या, त्या म्हाताऱ्या होत नाहीत.

आणि सोल्डर काढायच्या आधी फोटो काढा. बऱ्याच डिझाइनमध्ये ट्वीटर मुद्दामच उलटा जोडलेला असतो, वूफर आणि ट्वीटरचे सूर जिथे एकमेकांत मिसळतात तिथे दोघांची हालचाल (फेज) जुळावी म्हणून. "कंपनीने प्लस-मायनस चुकवलंय" म्हणून तो सरळ केलात तर मधला आवाज, म्हणजे नेमका गाणाऱ्याचा गळा, पोकळ होतो. वूफरची खूण पुसली असेल तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवून बघा, कोन बाहेर आला की सेलचा प्लस जिथे आहे तो स्पीकरचा प्लस. जुन्या जेबीएलमध्ये हे उलटं असतं, तेवढं लक्षात ठेवा. ट्वीटरवर ही टेस्ट करू नका.

ट्वीटर गप्प असेल तरी लगेच मेला म्हणू नका. मागे किंवा पुढे आवाज कमी-जास्त करायचा नॉब असेल तर तो आतून ऑक्सिडाइझ झालेला असतो, काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीसदा फिरवा, बरेचदा तेवढ्यावर जिवंत होतो.

कॅबिनेटचं थोडक्यात. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला की तो परत बसत नाही, घासत बसू नका, तेवढा भाग बदला. जाळीचं कापड बुरशीने गेलं तर नवीन घेताना तोंडाला लावून फुंकर मारा, हवा सहज गेली पाहिजे, पडद्याचं जाड कापड लावलंत तर वरचे सूर कापडातच राहतील. बंद खोक्याचा स्पीकर असेल तर वूफर परत बसवताना गॅस्केट नीट लावा, फट राहिली की बास ढिला पडतो. आतला कापूस-लोकर जेवढा होता तेवढाच परत भरा, आणि पिवळा ग्लासवूल असेल तर हातमोजे आणि मास्क घालूनच हात घाला.

कॉइल खरोखरच जळली असेल तर मात्र दुकान गाठा, पण "पेपर-कॉइल बदलून देतो" एवढ्यावर वूफर सोडून येऊ नका. मंडपातल्या स्पीकरचा जाड पेपर हाय-फाय वूफरला लावला की वजन वाढतं, सस्पेन्शन (कोनला धरणारी लवचीक कड आणि स्पायडर) बदलतं आणि जुना क्रॉसओव्हर त्याच्याशी जुळत नाही. मूळ पेपर चांगला असेल तर तोच ठेवून फक्त कॉइल बदलायला सांगा, आणि जुनी कॉइल फेकू देऊ नका, तिचा व्यास, उंची आणि ओहम समोर मोजून घ्यायला लावा.