जुन्या फोक्सवॅगन कॅम्परच्या बाजूच्या खिडक्या बदलताना: माझा अनुभव

आमची टाइप २, म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन, आत राहण्याची सोय केलेली; १९७४ची, 'बे विंडो' (पुढे एकसंध वळणदार काच असलेल्या) पिढीतली. राहणं इंग्लंडात, म्हणजे पाऊस नेहमीचाच. मधल्या खिडक्यांची रबरं कडक होऊन पाणी झिरपू लागलं, तेव्हा दोन्ही बदलायच्या ठरवल्या.

पर्याय तीन. बंद, म्हणजे न उघडणारी काच सर्वांत कोरडी. सरकती सोयीची, पण तिच्या खाचेत पाणी आणि शेवाळ साचतं. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने बनवलेल्या कॅम्परमध्ये असायच्या तशा आडव्या पट्ट्यांच्या झडपा मात्र रिमझिमीतही थोड्या उघड्या ठेवता येतात. चहा उकळला की आत वाफ धरते, म्हणून शेगडीच्या बाजूला झडप घेतली, समोरच्या बाजूला बंद काच. काच टफन्ड (उष्णतेने कठीण केलेली) आणि 'ई' खूण (वाहनाच्या काचेसाठीची मान्यता-खूण) असलेलीच घ्या. ॲक्रिलिकवर, म्हणजे प्लास्टिकच्या काचेवर, ओरखडे फार लवकर पडतात.

खरं काम चौकटीच्या खालच्या कडेचं. तिथला गंज पत्रा चकाकेपर्यंत घासला, प्रायमर, रंग, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. गंजावर नवं रबर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

बंद काचेला आधी रबर चढवलं, बाहेरच्या खाचेत दोरी फिरवली, साबणपाणी लावलं. बायको बाहेरून तळहाताने दाबत होती, मी आतून दोरी ओढत गेलो. रबराची कड आपोआप आत वळली. मग पाइपने पाणी मारून पाहिलं. आत थेंब नाही.