स्टीलआय स्पॅनचे पहिले तीन अल्बम कसे ऐकावेत

इंग्लंडमधील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाकडे नव्याने वळणाऱ्या श्रोत्याला 'स्टीलआय स्पॅन' हा बँड बहुधा 'गौडेटे' किंवा 'ऑल अराउंड माय हॅट' या दोन गाजलेल्या गाण्यांमुळे ठाऊक होतो. ही दोन्ही गाणी मागाहूनची आहेत. त्यांच्या आधी, १९७० आणि १९७१ या दोन वर्षांत, या बँडने तीन अल्बम काढले: 'हार्क! द व्हिलेज वेट', 'प्लीज टू सी द किंग' आणि 'टेन मॅन मॉप, ऑर मिस्टर रेझरव्हॉयर बटलर राइड्स अगेन'. शेकडो वर्षे साथीविना गायल्या गेलेल्या गाण्याला विजेच्या वाद्यांची साथ द्यायची झाल्यास ती किती आणि कशी द्यावी, हा एकच प्रश्न या तिन्ही अल्बमांमागे आहे, आणि प्रत्येक अल्बमने त्याचे उत्तर वेगळे दिले आहे. हा प्रश्न मनात ठेवून ऐकल्यास तिन्ही अल्बम चटकन उलगडतात. तो नसेल तर बरीच गाणी सारखीच वाटण्याचा संभव असतो.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. बेस गिटारवादक ॲशली हचिंग्ज यांनी 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' हा बँड १९६९ च्या अखेरीस, 'लीज अँड लीफ' हा अल्बम पूर्ण झाल्यावर सोडला, कारण त्यांना पारंपरिक गाण्यांतच अधिक खोलवर जायचे होते. त्यांनी दोन जोड्या एकत्र आणल्या. टिम हार्ट आणि मॅडी प्रायर हे सेंट ऑल्बन्सच्या लोकसंगीत क्लबांतून पुढे आलेले, तर गे आणि टेरी वुड्स हे आयरिश दांपत्य. विल्टशरमधील विंटरबर्न स्टोक या गावी एकाच घरात राहून या पाच जणांनी तालमी केल्या, पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि एकही जाहीर कार्यक्रम न करता ते विभक्त झाले. वुड्स दांपत्याच्या जागी लोकगायक व गिटारवादक मार्टिन कार्थी आणि व्हायोलिनवादक पीटर नाइट आले. बँडचे नाव मात्र कार्थी यांनी आधीच सुचवलेले होते. 'हॉर्कस्टो ग्रेंज' या लिंकनशरच्या लोकगीतातील एका पात्राचे ते नाव आहे.

पहिला अल्बम आधी, मग दुसरा, असा सरळ क्रम धरू नये, असे माझे मत आहे. सुरुवात एकाच गाण्यापासून करावी: 'द ब्लॅकस्मिथ'. हे गाणे पहिल्या अल्बममध्येही आहे आणि दुसऱ्या अल्बमचा आरंभही त्यानेच होतो, आणि दोन्हीकडे मुख्य स्वर मॅडी प्रायर यांचाच आहे. लग्नाचे वचन देऊन दुसरीशी संसार थाटणाऱ्या लोहाराची आणि त्याने वचनच नाकारल्यावर साक्षीदार कोठून आणू असा प्रश्न पडलेल्या मुलीची ही कथा आहे. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ, शक्यतो हेडफोन लावून ऐकावीत. पहिल्या वेळी फक्त ठेक्याकडे लक्ष द्यावे. १९७० च्या ध्वनिमुद्रणात ड्रमची साथ आहे, त्यामुळे गाणे रॉक संगीताच्या चालीने पुढे सरकते आणि गायिकेला त्या गतीबरोबर जावे लागते. १९७१ च्या ध्वनिमुद्रणात ड्रम नाहीत आणि लयही संथ आहे. तेथे विजेच्या गिटारचा आघात वजन देतो, व्हायोलिन लांब स्वर धरून ठेवते आणि कडव्याच्या ओळीला हवा तेवढा वेळ मिळतो. दुसऱ्या वेळी ऐकताना शब्द समोर ठेवावेत आणि मुलीची तक्रार कोणत्या ध्वनिमुद्रणात अधिक जड होते ते पाहावे. मला ती दुसऱ्यात अधिक जड वाटते, आणि ड्रम काढून घेतल्याने गाणे हलके होण्याऐवजी जड झाले, हीच या बँडच्या सुरुवातीच्या काळातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

त्यानंतर 'प्लीज टू सी द किंग' संपूर्ण ऐकावा. मार्च १९७१ मध्ये निघालेल्या या अल्बममध्ये ड्रमवादक नाही; टेबर नावाचा छोटा ढोल, चमचे, खंजिरी आणि घंटा एवढीच तालवाद्ये श्रेयनामावलीत आढळतात. येथे ठेका धरण्याचे काम बेस आणि गिटार करतात. कार्थी हे मुळात साध्या गिटारचे वादक. विजेची गिटार हाती घेतल्यावरही ते सलग तारा झंकारत नाहीत, तर चालीतील मोजके स्वर ठाशीवपणे वाजवतात. 'कोल्ड, हेली, विंडी नाइट' हे गाणे यासाठी मुद्दाम ऐकावे. गारांच्या रात्री खिडकीखाली उभा राहून दार उघड म्हणून विनवणारा शिपाई, आणि आत घेणाऱ्या मुलीला टाकून जाणारा तोच शिपाई, एवढीच त्याची गोष्ट. पण गिटारचे तोडलेले आघात तिला धार आणतात. 'द किंग' हे साथीविना, केवळ एकत्र आवाजांत गायलेले छोटे गाणे वेल्समधील पेम्ब्रोकशरच्या एका प्रथेतून आले आहे. नाताळनंतरच्या बाराव्या रात्रीच्या सुमारास रेन हा इवलासा पक्षी मारून, त्याला सजवलेल्या पेटीत ठेवून, पक्ष्यांचा राजा म्हणून दारोदार दाखवत नेत असत. अल्बमचे नाव तेथूनच आले आहे. शेवटचे 'लव्हली ऑन द वॉटर' घाईने ऐकू नये. इंग्लिश संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांनी १९०८ मध्ये नॉरफोकमध्ये टिपून घेतलेले हे गाणे वसंतातील प्रेमिकांपासून सुरू होते आणि आरमारात भरती झालेल्या मुलांसाठी लंडनच्या टॉवर हिलवर रडणाऱ्या मातांपाशी संपते.

मराठी श्रोत्याला या गायनात दोन गोष्टी खटकू शकतात, त्यांची आधीच तयारी ठेवलेली बरी. पहिली म्हणजे गायक भाव दाखवत नाही. खून, फसवणूक, मृत्यू, काहीही असो, आवाज सरळ आणि अलिप्त राहतो. भावगीतावर वाढलेल्या कानाला हे कोरडे वाटते, परंतु इंग्रजी लोकगायनात कथा सांगणाऱ्याने कथेपुढे उभे राहायचे नसते, असाच संकेत आहे. दुसरी म्हणजे चाल प्रत्येक कडव्याला तीच राहते. विस्तार किंवा आलापी यांची अपेक्षा ठेवू नये. उलट एका बाबतीत आपला कान लाभात असतो. इंग्रजी लोकगीतांच्या अनेक चाली डोरियन आणि मिक्सोलिडियन या जुन्या स्वररचनांमध्ये आहेत, ज्यांचे स्वर अनुक्रमे आपल्या काफी आणि खमाज थाटांशी जुळतात. पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्याला जो कोमल निषाद अनोळखी वाटतो, तो आपल्याला ओळखीचा असतो. मात्र एवढ्यावरून राग शोधत बसू नये, कारण येथे रागाचे चलन नाही, केवळ स्वरांचा संच समान आहे.

आता मागे वळून 'हार्क! द व्हिलेज वेट' ऐकावा. येथे गेरी कॉनवे आणि डेव्ह मॅटॅक्स हे दोन ड्रमवादक पाहुणे म्हणून वाजवतात. दुसऱ्या अल्बमनंतर ऐकल्याने त्यांचे वादन कोठे उपयोगी पडते आणि कोठे अडथळा होते, हे सहज कळते. 'द ब्लॅकलेग मायनर' या ईशान्य इंग्लंडच्या कोळसा खाणींतील गाण्यात, संप मोडून कामावर जाणाऱ्याला दिलेल्या धमकीला, तो ठेका शोभतो. 'माय जॉनी वॉज अ शूमेकर' मध्ये गे वुड्स आणि मॅडी प्रायर साथीविना एकत्र गातात. हा दोन स्त्री-आवाजांचा मेळ पुढच्या दोन अल्बमांत नाही, म्हणून तो दोनदा ऐकण्याजोगा आहे. 'ट्वा कॉर्बीज' हे स्कॉट्स बोलीतील गाणे असून, मारल्या गेलेल्या सरदाराच्या प्रेतावर जेवण कसे करावे याचा बेत दोन कावळे करतात. बोलीतील शब्द अडतील, तेव्हा ते आधी वाचून घ्यावेत.

शब्द वाचण्याची सवय तिन्ही अल्बमांसाठी लावून घ्यावी. लंडनमधील सेसिल शार्प हाउस येथील वॉन विल्यम्स मेमोरियल ग्रंथालयाची सूची इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. स्टीव्ह राउड यांनी तयार केलेल्या सूचीत प्रत्येक लोकगीताला क्रमांक दिलेला आहे. 'द ब्लॅकस्मिथ'चा क्रमांक ८१६ आहे. तो टाकल्यास निरनिराळ्या परगण्यांत, निरनिराळ्या गायकांकडून टिपलेल्या त्याच गाण्याच्या नोंदी समोर येतात आणि बँडने कोणती कडवी ठेवली, कोणती गाळली, याचा अंदाज बांधता येतो. जुन्या कथागीतांसाठी फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या संग्रहाचे क्रमांकही रूढ आहेत. त्यात एकूण ३०५ कथागीते आहेत आणि 'ट्वा कॉर्बीज' २६ व्या क्रमांकाखाली येते.

१९७१ च्या अखेरीचा 'टेन मॅन मॉप' सर्वांत शेवटी ठेवावा. येथेही ड्रम नाहीत, पण वजनही पूर्वीइतके नाही. व्हायोलिन आणि मँडोलिन पुढे येतात आणि आयरिश गाण्यांचा भरणा वाढतो. तो भरणा हचिंग्ज यांना फारसा रुचला नाही आणि ते बँड सोडून गेले, पाठोपाठ कार्थीही गेले. तिघांपैकी हा मला सैल वाटतो. तरीही आरंभीचे 'गावर वसेल' चुकवू नये; वेल्सच्या गावर द्वीपकल्पातील फिल टॅनर या जुन्या गायकाकडून हे नववर्षाचे गाणे पुढे आले. 'व्हेन आय वॉज ऑन हॉर्सबॅक' मध्ये मरणासन्न शिपाई स्वतःच्या अंत्ययात्रेच्या सूचना देतो. अमेरिकेतील काउबॉयांचे 'स्ट्रीट्स ऑफ लॅरेडो' याच कुळातले आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतील.

या अल्बमांच्या नंतरच्या आवृत्त्यांत जादा गाणी जोडलेली आढळतात. मूळ यादी आधी पाहून घ्यावी आणि पहिल्या वेळी ती गाणी वगळावीत. अपवाद फक्त 'जनरल टेलर' या खलाशांच्या साथीविना गाण्याचा करावा. ते 'टेन मॅन मॉप' च्या काही आवृत्त्यांत मिळते आणि अल्बममधील बऱ्याच गाण्यांपेक्षा सरस आहे. त्यापुढे ऐकायचे असल्यास १९७२ चा 'बिलो द सॉल्ट' घ्यावा, ज्यात हचिंग्ज आणि कार्थी यांच्या जागी रिक केम्प आणि बॉब जॉन्सन आले आहेत, आणि 'गौडेटे'ही त्याच अल्बममध्ये आहे.