कोयासानला जाताय? मग एक रात्र देवळात राहाच

जपानला जाणारे आपले बहुतेक लोक टोकियो, क्योटो, ओसाका आणि लांबून फुजीचा एक फोटो एवढं करून परत येतात. त्यात वाईट काही नाही, पण ओसाकाला जाणारच असाल तर तिथून दोनेक तासांवर वाकायामाच्या डोंगरात कोयासान आहे, तिथे जा. आणि जायचं तर राहायला जा. मी पहिल्यांदा सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलो होतो, चार देवळं बघितली, फोटो काढले आणि ‘छान आहे’ म्हणून विसरूनही गेलो. दुसऱ्यांदा मुक्काम केला तेव्हा कळलं की पहिल्या वेळी काहीच बघितलं नव्हतं.

आधी जागेबद्दल थोडं. साधारण ८०० मीटर उंचीवर आठ शिखरांच्या मधे एक सपाट खोलगट भाग आहे, कमळाच्या मधोमध बसावं तसा. तिथे कुकाई नावाच्या भिक्षूने ८१६ साली शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ सुरू केला. हा माणूस ८०४ मध्ये चीनला गेला, तिथे प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये मंत्र, मंडलं, होमहवन असं सगळं घेऊन परत आला. आज डोंगरावर ११७ देवळं आहेत आणि त्यातल्या पन्नासेक देवळांत पाहुण्यांना राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. २००४ पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे.

जायचं कसं: ओसाकातल्या नांबा स्टेशनवरून नानकाई कंपनीची कोया लाइन पकडा. ही खाजगी रेल्वे आहे, त्यामुळे जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) इथे चालत नाही, हे बऱ्याच जणांना तिकीट खिडकीवर गेल्यावर कळतं. थेट लिमिटेड एक्स्प्रेसला दीड तासाच्या आत-बाहेर लागतो, वेगळं रिझर्वेशन करावं लागतं. साध्या गाडीने हाशिमोतोला बदलून जाता येतं, थोडं स्वस्त पडतं. हाशिमोतोनंतर गाडी इतकी हळू आणि इतकी वळणं घेत जाते की आपली नेरळ-माथेरान आठवते. शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, पाच मिनिटांत ३२८ मीटर वर. वरच्या स्टेशनवरून गावात बसनेच जायचं, त्या रस्त्यावर चालायला बंदी आहे, उगाच हिरोगिरी करू नका. मोठी बॅग ओसाकालाच लॉकरमध्ये टाका, पाठीवर एक सॅक पुरते.

बुकिंग आधीच करा, विशेषतः ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरची सुरुवात, तेव्हा मेपल लाल झालेले असतात आणि खोल्या मिळत नाहीत. माणशी दहा हजार येनपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत जातं, दोन वेळचं जेवण धरून. हॉटेल म्हणून बघितलं तर महाग वाटेल, कारण बाथरूम बऱ्याचदा सामाईक असतं आणि भिंती म्हणजे कागदाची सरकती दारं, शेजारचा घोरला की ऐकू येतं. थंडीत रात्री पारा शून्याखाली जातो, खोलीत हीटर असतो पण कॉरिडॉरमध्ये लाकडी फरशी बर्फासारखी, तेव्हा जाड मोजे न्याच.

वेळेचं मात्र सांभाळा. पाचच्या आत चेक-इन, साडेपाच-सहाला जेवण. आम्ही बस चुकवली आणि सहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो, चूक पूर्ण आमची, भिक्षू काही बोलला नाही, फक्त घड्याळाकडे एकदा बघितलं, आणि ते आपल्याकडच्या तासाभराच्या बोलण्यांपेक्षा जास्त लागलं.

जेवण म्हणजे शोजिन र्योरी. शाकाहारी लोकांसाठी जपानमधली ही सगळ्यात निर्धास्त जागा, कारण बाहेर साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो आणि इथे तो समुद्री शेवाळ आणि मशरूमचा. मांस, मासे, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. कंदमुळं मात्र असतात, त्यामुळे जैन मंडळींनी बुकिंग करतानाच सांगावं. जमिनीवर बसून छोट्या पायांच्या लाल ताटांत जेवायचं. त्यात गोमा-दोफू नक्की असतं, नाव तोफूचं पण सोयाबीनचा पत्ता नाही, तीळ आणि कुडझूच्या कंदाचं पीठ घोटून केलेलं, दिसायला थेट खरवस. चव सगळीच सौम्य. माझ्या सॅकमध्ये शेंगदाण्याची चटणी होती पण त्या शांततेत पुडी सोडायची हिंमत झाली नाही. गंमत म्हणजे साके, म्हणजे तांदळाची दारू मिळते, तिला इथे ‘हान्या-तो’ म्हणजे प्रज्ञेचं पाणी म्हणतात, पळवाट शोधण्यात भिक्षूपण काही कमी नाहीत!

खोलीत युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो ठेवलेला असतो, घालताना डावी बाजू वर घ्यायची. उलटं फक्त मृताला नेसवतात.

आता मुख्य गोष्ट, ओकुनोइन. प्रचंड सिडार वृक्षांमधून दोन किलोमीटरची वाट आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या, शेवाळाने हिरव्यागार. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी असे सोळाव्या शतकातले जन्मभर लढलेले सरदार एकाच वाटेवर. बस थेट ओकुनोइन-माए थांब्यापर्यंत जाते पण तुम्ही आधी उतरा आणि इचिनोहाशी पुलापासून चाला. परतताना ओकुनोइन-माएच्या बाजूने या, तिकडे कंपन्यांची स्मारकं आहेत, एक रॉकेटच्या आकाराचं आणि एक चक्क मारल्या गेलेल्या वाळवीसाठी.

वाटेतल्या समाधीचे दगड नीट बघा. खाली चौकोन, वर गोल, मग त्रिकोण, अर्धचंद्र आणि टोकाला मण्यासारखा दगड: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. बऱ्याच दगडांवर सिद्धम या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीत अक्षरं कोरलेली असतात, अ, व, र, ह, ख, आणि सगळ्यात वरचं ख म्हणजे आपल्या खगोलातलं ख. हे कळल्यावर मी अर्धा तास एकेक दगड वाचत बसलो, बायको पुढे निघून गेली.

शेवटच्या गोब्योनोहाशी पुलापलीकडे फोटो, टोपी, खाणं बंद. तिथे कुकाईची समाधी, पण ८३५ साली तो मेला असं तिथे कुणी म्हणत नाही, तो ध्यानात बसलाय म्हणतात. बाकीच्या पर्यटकांना हे समजावून सांगावं लागतं, आळंदीला गेलेल्या माणसाला संजीवन समाधी म्हटलं की पुरे.

ही वाट एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा दिवसा करा. रात्री कंदिलांचा उजेड असतो, एकट्याला नको वाटलं तर गाइडसोबतची फेरी मिळते.

पहाटे सहाच्या आसपास देवळात प्रार्थना असते, चुकवू नका. मी डोळे चोळत बसलो होतो आणि अचानक कानावर आलं, ‘ओन आबोक्या बेइरोशानो माकाबोदारा मानि हांदोमा...’ दोन-तीनदा ऐकल्यावर टाळक्यात उजेड पडला, ॐ अमोघ वैरोचन महामुद्रा मणिपद्म! काही देवळांत नंतर अग्निविधी असतो, त्याचं नाव गोमा, म्हणजे होम, खाण्यातल्या तिळाच्या गोमाशी त्याचा संबंध नाही.

नाश्त्यानंतर दांजो गारान या देवळांच्या आवारातला ४८.५ मीटर उंच लाल कोनपोन दाइतो पॅगोडा आणि कोंगोबुजी देवळाची दगडी बाग बघून घ्या, दोन्ही जवळजवळ आहेत. घोटे मजबूत असतील तर पुढच्या वेळी कुदोयामाहून चोइशी-मिची वाटेने चढत या, वीसेक किलोमीटर, दर १०९ मीटरला एक दगडी खांब, एकूण १८०. बायकांना या डोंगरावर १८७२ पर्यंत यायलाच बंदी होती, त्या वेशीवरच्या न्योनिन्दो नावाच्या छोट्या देवळापर्यंतच येत, बसचा तिथे थांबा आहे, दोन मिनिटं उतराच.

आणि साडेदहाला परत ओकुनोइनला पोचा. रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला दोन भिक्षू पांढऱ्या लाकडी पेटीतून कुकाईसाठी जेवण घेऊन जातात, पुढे एक मोठा भिक्षू. आधी जिझो नावाच्या बोधिसत्त्वाच्या एका छोट्या मूर्तीसमोर थांबून त्याच्याकडून चव बघून घेतात आणि मग पुलावरून पलीकडे. बाजूला उभं राहून वाट द्या.