सीपीयू मोकळा, तरी सर्व्हिस अडखळते: कंटेनरच्या कोट्याची भानगड

लक्षण असं: १६ कोअरचं लिनक्स मशीन, एकूण वापर जेमतेम २० टक्के, तरी कंटेनरमधली (प्रोग्रामसाठी वेगळ्या केलेल्या कप्प्यातली) सर्व्हिस मधूनच ८०-९० मिलिसेकंद गप्प बसते. सरासरी आलेखात हे दिसत नाही.

आधी त्या कंटेनरच्या सीग्रुपची (लिनक्स ज्या गटावर सीपीयू-मेमरीची मर्यादा घालतं त्याची) 'सीपीयू.मॅक्स' फाइल उघडा; सीपीयूचा कोटा तिथे लिहिलेला असतो. आमच्याकडे '२००००० १०००००' (मायक्रोसेकंदांत) होतं, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंद सीपीयू-वेळ, थोडक्यात दोन कोअर. पण प्रोग्रामचे १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकदम धावले की २०० भागिले १६, साडेबारा मिलिसेकंदांत कोटा खलास! उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद शेड्यूलर (सीपीयू कुणाला द्यायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग) या थ्रेडपैकी कुणालाच चालू देत नाही, बाकीचे कोअर रिकामे असले तरी. खात्री 'सीपीयू.स्टॅट'मध्ये होते: 'एनआर_पीरियड्स'च्या (झालेल्या कालखंडांच्या) मानाने 'एनआर_थ्रॉटल्ड' (कोटा संपून अडवलेले कालखंड) भराभर वाढत असेल, तर दुखणं हेच.

इथे बरेच जण 'नाइस' (प्रोसेसचा अग्रक्रम) बदलत बसतात. काही उपयोग नाही. नाइसने वाटा ठरतो, कोट्याची कमाल मर्यादा हलत नाही. लिनक्स कर्नल ६.६ पासून सीएफएस या जुन्या शेड्यूलरच्या जागी ईईव्हीडीएफ हा नवा आला, तरी ही मर्यादा तशीच आहे.

उपाय: वर्कर थ्रेड कोट्याइतकेच, म्हणजे दोन ठेवले. सर्व्हिस गो भाषेतली आणि गो १.२५ च्या आधीचं असेल तर 'गोमॅक्सप्रॉक्स' (एका वेळी किती थ्रेड गो कोड चालवतील तो आकडा) हाताने २ करा. नाहीतर जुनं गो कोटा न बघता होस्टचे (मूळ मशीनचे) कोअर मोजतं. अधूनमधून झटका येणारच असेल तर ५.१४ नंतरच्या कर्नलवर 'सीपीयू.मॅक्स.बर्स्ट' देता येतं; त्याने आधी न वापरलेला कोटा थोडा साठवून झटक्यात वापरता येतो. मशीन पूर्ण आपलंच असेल तर मात्र मी कोटा काढून नुसतं 'सीपीयू.वेट' (कमाल मर्यादा न घालता फक्त वाटा ठरवणारं) लावेन.